यादी लागली नाही, तरी

सरुबाईनं एकतीस वर्षं हैदराबादेत सुलतान बाजाराच्या बाजूला एका सरकारी बाळंतपणाच्या दवाखान्यात आयाचं काम केलं, आणि एकतीस वर्षांत तिच्या हातचं एक बाळ चुकीच्या आईच्या कुशीत गेलं नाही. शाळा म्हणाल तर दुसरी. आकडे वाचता यायचे. नावं वाचायला घेतली की अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. बाळाच्या मनगटाला दवाखान्याची चिठ्ठी असायचीच, पण चिठ्ठी ओली होते, शाई पसरते. म्हणून सरुबाईनं आपली अक्कल चालवली. रंगीत दोऱ्याचा तुकडा घ्यायचा, मधोमध दातानं तोडायचा (सिस्टर ओरडली तेव्हापासून कात्रीनं), अर्धा आईच्या हाताला, अर्धा बाळाच्या. हिरव्याला हिरवा, जांभळ्याला जांभळा. खाटा वीस आणि रंग बारा, मग दोन रंगांचा पीळ घालायचा. तेवढ्यानं काम भागायला हवं होतं. पण घरी निघताना ती वार्डात तीन फेऱ्या मारून प्रत्येक मनगट बघायची, आणि कधीकधी बस स्टॉपावरून परत येऊन चौथी.

लोक हसायचे. हसोत बिचारे, तिला पगार मनगटं बघायचाच होता. रिटायर झाली तेव्हा वार्ड राहिला नाही, फेऱ्या तेवढ्या राहिल्या.

आता त्या फेऱ्या लेकाभोवती सुरू झाल्या. लेक संभाजी, सरकारी ऑफिसात ज्युनियर असिस्टंट. दिलसुखनगरला दोन खोल्या आणि वर गच्ची, तिथं संभाजी, त्याची बायको मालन, नऊ वर्षांची सुजाता आणि सरुबाई. लेकानं कौतुकानं माय एकटी नको म्हणून मोबाईल घेऊन दिला, आणि तोच त्याला बाधला. निघालास का? पोचलास का? डबा खाल्लास का? साहेब बोलला का? ढग आलेत, छत्री आहे का? एकदा मालननं मोजले, दिवसाचे चौदा फोन झाले.

एवढ्यावर निभावलं असतं. पण त्या वर्षी राज्याचे दोन तुकडे झाले. जूनमध्ये फटाके वाजले, मिठाया वाटल्या, आणि फटाक्यांचा धूर विरल्यावर सरकारी माणसांना कळलं की आता त्यांचीही वाटणी व्हायची. कुणी तेलंगणात राहायचं, कुणी आंध्रात जायचं, त्याची यादी लागणार होती. अर्ज भरून घेतले. त्यात विचारलं होतं, शाळा कुठं शिकलात. संभाजीची निम्मी शाळा नांदेडला मामाकडं, निम्मी हैदराबादेत.

"मी इकडचा पक्का नाही अन् तिकडचा तर नाहीच," तो म्हणायचा. "नांदेडवाले काही मागणीच करीना झालेत."

"मग काय होणार रं?"

"यादी लागंल तवा कळंल, माय."

झालं. यादी लागेल तेव्हा कळेल, हे वाक्य सरुबाईच्या कानात कुसळासारखं जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ती ऑफिसच्या व्हरांड्यात. बाकावर बसायची, पदरानं वारा घ्यायची, आणि यादगिरी नावाच्या अटेंडरला, म्हणजे शिपायाला, दर अर्ध्या तासानं विचारायची, "यादगिरी, लिस्ट आयी क्या?" पहिल्या दिवशी यादगिरीनं चहा पाजला. चौथ्या दिवशी तो तिला बघून खांबामागं उभा राहिला. आठव्या दिवशी सुपरिंटेंडेंट भर ऑफिसात हसत म्हणाले, "संभाजी, तुमची मदर आपल्यापेक्षा नियमित आहे. हजेरीबुकात नाव घालू का?"

त्या संध्याकाळी संभाजी घरी आला तो बूट न काढताच बोलला. "माय, उद्या तू पुन्हा तिथं दिसलीस तर मी राजीनामा देतो. मग कसली यादी अन् कसलं काय."

सरुबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मी काय भीक मागायला येते का रं? विचारायलाच येते ना?"

मालन पोळ्या लाटत होती. बारावी झालेली, लग्नाआधी लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेली पोर. कमी बोलायची, पण बोलली की मोजकं. "आत्याबाई," ती म्हणाली, "कोठीच्या बाजारात सुजाताचं पुस्तक आणायला गेले तवा एका दवाखान्याचा बोर्ड वाचला. ज्यांना 'पुढं काय होईल' हे कळल्याशिवाय करमत नाही, अशा लोकांचा गट आहे. दर मंगळवारी बसतात, डॉक्टर असते."

"म्हणजे मी येडी?"

"येडं असतं तर एकटीला बसवलं असतं. इथं दहा-बारा लोक असतात म्हणे."

"मग दहा-बारा येडे."

पण ती गेली. बरं व्हायला नव्हे हं, आपण वेडी नाही हे डॉक्टरच्या तोंडून वदवून घ्यायला गेली.

आणि एक गोष्ट आताच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्याच दिवसांत मालनला एक पत्र आलं होतं. दिलसुखनगरातल्याच एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी. सकाळी सहा ते दोन. पंधरा डिसेंबरला, सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाईल. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि अकरा वर्षांत मालनच्या नावानं घरात आलेलं हे पहिलं पत्र. तिनं ते चारदा वाचून दाखवलं. सरुबाई म्हणाली, "चांगलं आहे गं, पण यादी लागू दे." संभाजी म्हणाला, "आंध्रात, विजयवाड्याला जायचं झालं तर आठ दिवसांत सोडावी लागंल. यादी लागू दे." मालननं पत्राची घडी घातली आणि भिंतीवरच्या घड्याळामागं खोचली.

कोठीचा दवाखाना पुस्तकांच्या दुकानावर, जिना अंधारा. वर प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. डॉक्टरीण तरणी, शैलजा नावाची, तेलुगू घरातली. गटात बोलणं चालायचं ते आपल्या दख्खनी उर्दूत, ज्याला जसं येईल तसं; इथं मराठीतच सांगू. सरुबाईच्या एका बाजूला हाशमीसाहेब बसले होते, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले, शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत. ते घराला कुलूप लावल्यावर फोनवर कुलपाचा फोटो काढायचे, आणि रस्त्यात तो फोटो बघायचे, आणि मग हा फोटो आजचाच की कालचा या शंकेनं घरी परतायचे. दुसऱ्या बाजूला वेंकटलक्ष्मी, बँकेत कामाला. चिठ्ठी पेटीत टाकायच्या आधी सात वेळा वाचायची.

हे ऐकून सरुबाईला हसू आवरेना. "अहो साहेब, कुलूप काय पळून जातंय?"

"अम्मा," हाशमीसाहेब अदबीनं म्हणाले, "आपण ऑफिसात जाऊन काय बघता?"

हसू गिळावं लागलं.

डॉक्टरीण म्हणाली की काळजी सगळ्यांनाच असते. आपला त्रास हा की आपल्याला ग्यारंटी लागते, आणि ती मिळत नाही तोवर आपण विचारत राहतो, बघत राहतो, थांबून राहतो. विचारलं की घटकाभर बरं वाटतं, मग पुन्हा खाज. सरुबाई उसळून उठली.

"ऐका डॉक्टरम्मा. तपासणं हा रोग असंल तर माझी एकतीस वर्षं रोगातच गेली म्हणा. पण एक बाळ बदललं नाही माझ्या हातनं. एक! तुमच्या औषधानं एवढी बाळं वाचलीत का?"

तिनं दोऱ्याची सगळी हकीगत सांगितली, रंगांसकट. वेंकटलक्ष्मीनं तर टाळी वाजवली. डॉक्टरीणही मान डोलवत ऐकत राहिली. मग म्हणाली, "अम्मा, दोरा फार हुशारीचा. तो बांधल्यावर तुम्ही तीन फेऱ्या मारायच्या. त्या एकतीस वर्षांत, दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत कधी एखादा दोरा चुकलेला सापडला?"

सरुबाईनं बोटांवर वर्षं मोजून बघितली. "नाही," ती शेवटी म्हणाली. "सापडला नाही कारण मी नीट बांधायची."

"तेच विचारतेय," डॉक्टरीण म्हणाली. "बाळं दोऱ्यानं राखली की फेऱ्यांनी?"

सरुबाई रागावून जिना उतरली. बसमध्ये तिनं कंडक्टरशी विनाकारण भांडण काढलं. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न तिच्याबरोबरच आला, तिकीट न काढता.

आठवड्याचा गृहपाठ होता. ऑफिसात जायचं नाही, फोन दिवसाला एक, आणि 'काय झालं' हा प्रश्न घरात कुणाला विचारायचा नाही. सरुबाईनं दात आवळून पाळला. पुढच्या मंगळवारी ताठ मानेनं जाऊन बसली. "एकदा विचारलं नाही. लेकाला विचारा, सुनेला विचारा. त्यांना विचारायला माझी मनाई नाही."

"मग संध्याकाळ कशी जायची, अम्मा?"

"डबा बघून."

"डबा?"

"हौ. लेक घरी आला की डबा मी घ्यायची. दोन्ही भाकरी खाल्ल्या असल्या तर यादी नाही. एक परत आली तर ऑफिसात काहीतरी कुजबुज. भाजी तशीच राहिली तर साहेब बोलला. खोटं नाही, बराबर कळतंय."

सगळा गट पुढं सरकून ऐकायला लागला. काहींनी मनातल्या मनात आपापल्या घरचे डबे आठवले असणार. डॉक्टरिणीनं विचारलं, "सगळे दिवस बरोबर कळलं?"

सरुबाई जरा घुटमळली. मग सांगून टाकलं, कारण खोटं तिच्या तोंडात टिकत नसे. गुरुवारी डबा नेला तसाच परत आला होता. दोन्ही भाकरी, भाजी, चटणी, कांद्याची फोडसुद्धा. म्हणजे यादी लागली, विजयवाडा पक्का, लेकाच्या घशाखाली घास उतरला नाही. गृहपाठ असल्यामुळं विचारायचं तर नव्हतं. म्हणून तिनं न विचारताच गोधड्यांचं बोचकं बांधलं, शेजारणीला डोळे पुसत सांगितलं की आता आमची ताटातूट, आणि तुळशीच्या कुंडीला कोण पाणी घालील याची व्यवस्थाही करून टाकली. शेजारीण रडत रडत संभाजीकडं निरोप घ्यायला आली तेव्हा उलगडा झाला. ऑफिसात कुणाचा तरी सेंडऑफ होता आणि बिर्याणी आली होती.

हाशमीसाहेबांना इतकं हसू लोटलं की त्यांनी गळ्याचं बटण सोडलं. "बिर्याणी! अल्लाह, बिर्याणीनं विजयवाड्याला पाठवलं!"

"अम्मा, डबा बघणं म्हणजे विचारणंच की," डॉक्टरीण म्हणाली.

"मी तोंड उघडलं नाही!"

"डब्याचं उघडलंत."

सरुबाईही हसली, पण जरा वेळानं हसू ओसरलं. "दर रविवारी विहारात जाते," ती म्हणाली. "सगळं अनित्य आहे, काहीच टिकायचं नाही, मोठ्यानं म्हणते. माझा आवाज सगळ्यांत मोठा. अन् सोमवारी सकाळी लेकाला फोन लावते, पोचलास का म्हणून. माझ्या मायनं देव सोडले, अंगात येणं सोडलं, कौल मागणं सोडलं. मी कौल मागत नाही. पण डब्याला मागितलाच की मी."

 खाली कोठीच्या रस्त्यावर रिक्षांचे भोंगे तेवढे वाजत होते.

तिसऱ्या मंगळवारी, नऊ तारखेला, डॉक्टरिणीनं काही सांगायच्या आधी हाशमीसाहेबांनीच विचारलं. साधंच विचारलं, बिस्किटांची ताटली पुढं करत. "अम्मा, यादी लागली नाही म्हणून आपल्या घरात काय काय थांबून राहिलंय?"

"थांबलंय म्हणजे? गच्चीची गळती थांबलीय. म्हणजे गळतीच चालू आहे, काम थांबलंय. टाकीचं झाकण फुटलंय, ते आणायचंय. नातीचा दात वाकडा येतोय, दाखवायचाय. लेकानं खोके आणून ठेवलेत, निम्मी भांडी त्यात, त्यामुळं कुकर सापडत नाही..."

 बिस्कीट हातात तसंच राहिलं.

"काय आठवलं, अम्मा?"

"खोके नाही आठवले," सरुबाई म्हणाली. "ट्रंक आठवली."

आणि मग तिनं ते सांगितलं जे तिनं मेलेल्या नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे, त्यात सांगण्यासारखं काही आहे हे तिला कधी वाटलंच नव्हतं. छप्पन साली जुनं हैदराबाद राज्य मोडलं. मराठी मुलूख मुंबईकडं गेला, कानडी म्हैसूरकडं, तेलंगण इथंच राहिलं आंध्राबरोबर. सरुबाई आठ वर्षांची. तिचा बाप भिवाजी एका कचेरीत दफ्तरी. मराठी माणूस, म्हणजे तुला मुंबई राज्यात पाठवणार, परभणीला नाहीतर औरंगाबादेला, हुकूम येईल, तयार राहा. तिच्या मायनं, चतुराबाईनं, एका दिवसात ट्रंक भरली. हुकूम आज येईल, उद्या येईल. ट्रंकेतलं काढायचं नाही, कारण काढलं की हुकूम आलाच म्हणून समजा, असं मायचं गणित. नवा तवा ट्रंकेत, म्हणून भाकऱ्या खापरावर. सरुबाईचं नाव तिसरीत घातलं नाही, कारण परभणीला घालायचं होतं. दुसरीवर जी शाळा थांबली ती थांबलीच.

"अन् एक पांढरं लुगडं होतं," सरुबाई म्हणाली. "त्याच हंगामात दीक्षेची लाट आली. नांदेडकडच्या आमच्या सगळ्या बाया पांढरं लुगडं नेसून दीक्षा घ्यायला जायच्या. मायनं कोंबड्या विकून लुगडं घेतलं. ट्रंकेत ठेवलं, अगदी तळाला. दीक्षेचा दिवस आला. ती म्हणाली, ट्रंक उपसली अन् इकडं हुकूम आला तर? ती जुनेरं नेसून गेली. शेकडो बाया पांढऱ्याशुभ्र, अन् त्यात माझी माय गोधडीच्या रंगाची. मी हात धरून होते ना तिचा. ती खाली बघत होती."

"आणि हुकूम?" वेंकटलक्ष्मीनं विचारलं.

"आला नाही. तीन वर्षांनी ट्रंक उघडली. लुगडं घडीवर पिवळं पडलेलं, झटकलं तसं घडीवरच फाटलं." सरुबाईनं बिस्कीट ताटलीत परत ठेवलं. "डॉक्टरम्मा, मी आताच घरातलं काय थांबलंय ते मोजलं ना? एक मोजायचं राहिलं. सुनेचं पत्र घड्याळामागं आहे. ते मीच ठेवायला लावलं."

 हाशमीसाहेबांनी ताटली पुन्हा पुढं केली.

शनिवारी, तेरा तारखेला, संभाजीला सुट्टी होती. तो आणखी दोन खोके घेऊन आला. सरुबाई उठली, त्यातल्या जुन्या खोक्यापाशी बसली आणि भांडी बाहेर काढायला लागली. आधी कुकर, मग परात, मग तवा.

"माय, काय करायलीस? बांधलेलं कामून सोडायलीस?"

"पोहे करायचेत. अन् ऐक, सोमवारी मालन कामावर जाणार."

संभाजीनं खोका खाली ठेवला. "ते मी ठरवलंय. आज फोन करून 'नाही' म्हणून कळवणार आहे. यादी..."

"यादी लागो नाहीतर भिंतीला टांगो. ती सोमवारी जाणार."

"अन् मंगळवारी यादी लागली तर?"

"तर मंगळवारी बघू."

"माय, तू? तू म्हणायलीस हे? दोन महिने माझ्या जिवाला घोर लावला तू, काय होणार, काय होणार म्हणून!"

"लावला. चुकलं. पण माझं चुकलं म्हणून तिनं का घरी बसावं?"

"पण ग्यारंटी काय, की..."

"नाही ग्यारंटी!" सरुबाईनं परात अशी आपटली की सुजाता गच्चीवरून खाली आली. "तुझ्या सरकारला ग्यारंटी नाही, मी कुठून आणू? माझ्या बापाला दिली नाही छप्पन साली, तुला देत नाहीत आता. राज्यं कापायची यांनी अन् ट्रंका भरायच्या आम्ही! भरणार नाही. या घरात आता एक भांडं खोक्यात जाणार नाही. हुकूम आला तर आला. त्या दिवशी बांधू. हात काय मोडलेत?"

संभाजी बायकोकडं वळला. "तू सांग हिला. तूच सांग."

मालन कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी काल जाऊन हो सांगून आले. ड्रेसचं मापपण दिलं."

संभाजी खोक्यावरच बसला.

"मला विचारलं नाहीस?" संभाजी म्हणाला.

"मला तरी विचारायचंस!" सरुबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग खरोखरीचा होता. घरात काही ठरलं आणि ते तिला आधी माहीत नव्हतं, असं झालंच कसं?

"विचारलं असतं तर दोघंही म्हणाला असता, यादी लागू दे." मालननं काडी बाजूला टाकली. "म्हणून नाही विचारलं."

सरुबाई पदर तोंडाला लावून खांदे हलवत हसायला लागली. इतक्या दिवसांनी या घरात कुणीतरी कुणाला न विचारता काहीतरी केलं होतं.

संभाजीची अजून एक अडचण होती, आणि ती खोटी नव्हती. "ही साडेपाचला जाणार. सुजाताला कोण उठवणार, डबा कोण, शाळेची रिक्षा कोण?"

"मी. शंभर-शंभर बाळं न्हाऊ घातलीत, एक पोरगी शाळेत धाडणं होईना का?"

मग मालननं मान वर केली. "आत्याबाई, मला भीती त्याची नाही. मला तुमच्या फोनची भीती आहे. तिथं रांगेत माणसं असतात, हातात सुई असती. पोचलीस का, चहा घेतला का, असे चौदा फोन आले तर पहिल्या दिवशीच घरी पाठवतील. तुम्ही थांबलात तर माझी नोकरी राहील. नाहीतर नाही. एवढंच."

मालननं ते तोडून सांगितलं, आणि बरं केलं. सरुबाईनं हो म्हटलं नाही. तिला स्वतःचा भरवसा नव्हता, आणि नसलेला भरवसा देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"बघते," ती म्हणाली. "ग्यारंटी नाही."

सोमवारी पाचला उठून तिनं चहा केला, मालनचा डबा भरला. मग डबीतला दोरा काढला. जुनी शिवणाची पत्र्याची डबी होती तिची, दवाखान्यातल्या लडी अजून त्यात होत्या. जांभळ्या दोऱ्याचा तुकडा घेऊन मधोमध कापला आणि मालनचा हात ओढला.

"आत्याबाई, हातमोजे घालावे लागतात. दोरा चालत नाही."

"आम्हालाही नाही चालायचा. मी चालवला." पण मग तिनं विचार केला आणि दोरा डब्याच्या पिशवीच्या बंदाला बांधला. दुसरा अर्धा आपल्या मनगटाला. नीट गाठ, दोनदा. "जा. दोरा बांधला. आता फेऱ्या मारणार नाही."

मालन गेली. रिक्षाचा आवाज वळणावर विरला. सरुबाईनं फोन घेतला आणि पिठाच्या डब्याशी नेऊन ठेवला, पिठात नव्हे, वर झाकणावर. एवढीही ती वेडी नव्हती.

सहा वाजता हात फोनकडं गेला. ती सुजाताची वेणी घालायला बसली. सातला गेला. तिनं गच्ची झाडली. आठला सुजाता शाळेत गेली, नऊला संभाजी ऑफिसात, आणि घर रिकामं झालं, तेव्हा मात्र कठीण गेलं. रिक्षा उलटली असेल. लॅबच्या दाराला कुलूप असेल. कुणाचं तरी रक्त काढताना हिलाच चक्कर आली असेल. सरुबाई एकेक चित्र बघत खाटेवर बसून राहिली. वार्डात असती तर उठून मनगटं बघितली असती. इथं एकच मनगट होतं, आपलं. ते तिनं बघितलं.

दहा वाजता फोन वाजला तेव्हा ती उडालीच. संभाजी होता, ऑफिसातून.

"माय, मालन पोचली का?"

"माहीत नाही."

"तू फोन केला नाहीस?"

"नाही."

"एकदाही नाही? बरी आहेस ना तू?"

"तूही करू नको. तिच्या हातात सुई आहे."

साडेअकराला पुन्हा. "काही कळलं?" पाऊणला पुन्हा, आणि आवाज जरा खालचा, कुणी ऐकू नये असा. "माय, एकदा लॅबच्या नंबरावर..."

"संभा," सरुबाई म्हणाली, आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं, इतका तिचा आवाज शांत होता. "उद्या मंगळवार आहे. माझ्यासंगं कोठीला चल. तिथं एक खुर्ची रिकामी असती."

 पलीकडं यादगिरी कुणाला तरी सांगत होता, लिस्ट नाही आली म्हणून. सरुबाईला ते स्पष्ट ऐकू आलं. तिनं फोन ठेवला.

दोन वाजले, मालन आली नाही. अडीच झाले. सरुबाई दारात जाऊन उभी राहिली. दारात उभं राहायला कुणाची मनाई नव्हती. तीन वाजायला आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मालन दिसली, पायी, खांद्याला पिशवी, पांढरा कोट हातावर टाकलेला. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. दमलेला चेहरा चांगल्या दिवशीही तसाच दिसतो आणि वाईट दिवशीही.

सरुबाईच्या जिभेवर एकाच वेळी सतरा प्रश्न आले. उशीर का, पायी का, काय म्हणाले, ठेवलं का काढलं. सगळे तिथंच दाबून धरून ती बाजूला झाली.

"हातपाय धू. पिठलं केलंय."

मालन आत आली, चपला काढल्या, पिशवी पुढं केली. जांभळा दोरा बंदाला तसाच होता. सवयीनं सरुबाईचा हात पिशवीत गेला, डब्याच्या कडीवर बोटंही पडली. डबा हलका की जड ते तिला तेवढ्यातच कळलं असतं. तिनं उचललाच नाही. हात बाहेर काढला.

"तुझा डबा तू घास," ती म्हणाली, आणि पिठलं वाढायला आत गेली.